पाणी सोडणाऱ्याचं नाव ठाऊक असलेलं गाव

दारातला कारभार : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

नव्या वाचकांसाठी दोन ओळी. उत्तरं लिहिणारा मी १९९० साली सोलापूर जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेत जकात कारकून म्हणून लागलो. पुढं आवक-जावक, मग जन्म-मृत्यू, मग पाणीपुरवठा आणि शेवटची अकरा वर्षं करवसुली. साहेब कधीच झालो नाही, साहेबांच्या टेबलासमोर मात्र तेहतीस वर्षं उभा राहिलो. आता जुळे सोलापुरात राहतो. उत्तरं त्या उभं राहण्यातून आलेली आहेत, तेवढं धरून वाचा.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो. सोलापुरात होटगी रोडला राहतो. वडिलांचं घर करमाळ्यात आहे, तिथं राहायला जावं असं आम्हा दोघांना वाटतं. मुलगा म्हणतो, ‘लहान गावात नगरपालिका म्हणजे नुसतं राजकारण. त्यापेक्षा ही गावं कलेक्टरनंच चालवावीत. मधे प्रशासक होते तेव्हा कामं तरी होत होती.’ लहान गावाला स्वतःची नगरपालिका असण्याचा खरोखर काही फायदा असतो का? प्रामाणिकपणे सांगा.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : चिरंजीवांचं निम्मं बरोबर आहे. आधी ते निम्मं सांगून टाकतो.

मार्च महिना आला की आमची वसुली पथकं निघायची. थकबाकीदाराच्या दारात उभं राहायचं, प्लंबरनं नळ बंद करायला पान्हा बाहेर काढायचा, की पाचव्या मिनिटाला माझ्या खिशातला फोन वाजलाच. ‘भाऊ, आपला माणूस आहे. राहू द्या.’ या ‘आपला माणूस’नं जेवढी घरपट्टी बुडवली तेवढी आमच्याकडच्या दुष्काळानंही बुडवली नसेल. मग बहुतेक नगरपालिकांची मुदत २०२१ च्या अखेरीस संपली. इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात अडकला, निवडणुका डिसेंबर २०२५ पर्यंत लांबल्या आणि मधली जवळजवळ चार वर्षं प्रशासक राहिले. माझा तो फोन वाजायचा थांबला. त्या पहिल्याच मार्चला आमची वसुली कधी नव्हे इतकी झाली. बाजारपेठेतली वीस वर्षांची टपऱ्यांची रांग दोन दिवसांत हलली. लोक म्हणाले, बघा, नगरसेवक नसले की कसं काम होतं. मीही म्हणालो, खोटं कशाला बोलू?

पण त्याच फोनवर दुसरंही येत असे, ते आमच्या लक्षात यायला पावसाळा उजाडला.

एका गल्लीत नळाला गढूळ पाणी यायला लागलं. वासही मारत होता. गटारीखालून जाणारी पाइपलाइन कुठंतरी फुटली होती. गल्लीतल्या दोन बायका बाटलीत पाणी घेऊन कार्यालयात आल्या. काउंटरवरच्या पोरानं सांगितलं, अर्ज द्या. त्यांनी दिला. अर्जाला आवक नंबर पडला, तो पाणीपुरवठ्याकडं गेला. पाणीपुरवठ्याचे अभियंते शेजारच्या गावचा जादा कार्यभार घेऊन तिकडं बसले होते. प्रशासक साहेब भले माणूस. पण त्यांच्याकडं त्यांच्या मूळ खुर्चीखेरीज आणखी दोन गावं होती. आमच्याकडं ते मंगळवारी दुपारी यायचे आणि त्या मंगळवारी त्यांना सोलापूरला मिटिंग होती. खड्डा खणायला नववा दिवस उजाडला. तोवर गल्लीत तीन लेकरांना सलाइन लागलं होतं. कुणीही हयगय केली नव्हती बरं का. कागद नियमाप्रमाणंच फिरत होता.

त्याच गल्लीत पूर्वी नगरसेवक राहायचा. माझं आणि त्याचं कधी पटलं नाही; वरचा ‘आपला माणूस’वाला फोन बहुतेक वेळा त्याचाच असायचा. पण पाणी गढूळ आलं की सकाळी सहाला तो फिटरला मोटारसायकलवर मागं बसवून घेऊन यायचा आणि खड्डा होईपर्यंत तिथंच कमरेवर हात ठेवून उभा राहायचा. समाजसेवेची फार हौस होती असं नाही. त्याच्या घरीही तेच पाणी येत होतं आणि त्याची बायको त्याला पातेलं दाखवत होती.

मला विचाराल तर लहान गावातल्या नगरपालिकेचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे ते पातेलं. निर्णय घेणारा आणि निर्णय भोगणारा एकाच नळावर पाणी भरतात.

तुम्ही बँकेतले, म्हणून थोडा हिशेब मांडतो. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या ९,५१,५५८. २०१७ च्या महापालिका निवडणुकीत नगरसेवक १०२, प्रभाग २६. म्हणजे एका प्रभागात साडेछत्तीस हजारांवर माणसं, आणि डोक्यामागं भागाकार केला तर एका नगरसेवकाच्या वाट्याला नऊ हजार तीनशेच्या वर. आता नगरपंचायत घ्या. दहा हजार ते पंचवीस हजार वस्तीची गावं तिच्यात येतात आणि सदस्य असतात १७. सहाशे ते दीड हजार माणसांमागं एक. दीड हजार माणसांत मतं किती, घरं किती आणि त्यातली जावयाची किती, हे त्या माणसाला तोंडपाठ असतं. तुमच्या प्रभागातले चारही नगरसेवक तुम्हाला ओळखतात का हो? माझे मला ओळखत नाहीत. मी तर त्यांच्या खात्यातला माणूस.

आणि पाणी सोडणारा. सोलापुरात उजनीचं पाणी कुठल्या दिवशी, किती वाजता येणार, हे आपल्याला मोबाइलवर किंवा शेजाऱ्याच्या मोटारीच्या आवाजावरून कळतं. धरण उशाला अन् कोरड घशाला, ही म्हण सोलापूरकराला शिकवावी लागत नाही. लहान गावात व्हॉल्व्ह फिरवणाऱ्याचं नाव गावाला ठाऊक असतं. तो कुणाचा मुलगा, कुठल्या टपरीवर चहा पितो, सासुरवाडीला गेला की त्याच्या बदली कोण येतो, सगळं. तो बाजारातनं जाताना बायका हटकतात, ‘काय ओ, आज पाणी सोडूलालाव का नाही?’ या हटकण्याला कुठल्याही नियमावलीत कलम नाही, पण टोल फ्री नंबरापेक्षा ते लवकर लागू पडतं.

टोल फ्रीवरनं आठवलं. एका गावात (माझ्या नोकरीतल्या तीनपैकी एक, नाव सांगत नाही) रस्त्यावरच्या दिव्यांचा ठेका वरून एकत्र दिला गेला. दिवे झकास, उजेड पांढराशुभ्र, वीजबिलही उतरलं. मग एक दिवा बंद पडला. पूर्वी आमचा वायरमन शिडी घेऊन जायचा, तासाभराचं काम. आता त्याला हात लावायची मनाई. नंबरावर तक्रार नोंदवा, तक्रारीचा क्रमांक घ्या, पथक येईल. पथक बाहेरगावचं. दहा-बारा तक्रारी साठल्याशिवाय त्यांना गाडी काढणं परवडत नव्हतं, त्यांच्या बाजूनं तेही खरं. शाळेच्या वळणावरचा तो दिवा दिवाळीत गेला आणि रंगपंचमीला लागला. वायरमन रोज त्याच्याखालून घरी जात होता, खिशात टेस्टर घेऊन.

उलट बाजूचा किस्सा फुकटातला आहे. दुसऱ्या एका गावात पेठेतल्या पाण्याची पाळी नेमकी आठवडी बाजाराच्या पहाटे यायची. भाजी विकणाऱ्या बायका चारला उठून गाठोडी बांधणार की पाणी भरणार? वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं. कारण वेळापत्रक टाकीच्या क्षमतेवर बसवलेलं, बाजारावर नाही. एकीनं एका सदस्याला सलूनमध्ये गाठलं. गालावर फेस, गळ्याभोवती कापड, पळायला जागा नाही. तिनं तिथंच त्याला सुनावलं. त्यानं पुढच्या सभेत विषय आणला, सूचक तो, अनुमोदक विरोधी गटातली बाई, कारण तिच्याही पेठेत तीच अडचण. दोन झोनच्या पाळ्यांची अदलाबदल झाली. खर्च शून्य. मीच ते वेळापत्रक टाइप केलं होतं, म्हणून ठामपणे सांगतो. ही गोष्ट जिल्ह्याच्या ठिकाणी बसून कुणाला सुचली नसती. अक्कल कमी म्हणून नव्हे. तिथं तो बाजार भरत नाही म्हणून.

पंढरपूरचं तर विचारूच नका. लाखभर वस्तीचं गाव, आषाढीला त्यात कितीतरी लाख माणसं उतरतात. कुठल्या बोळात रात्री दोनला गटार तुंबतं, चंद्रभागेच्या वाळवंटात कुठल्या बाजूला कचरा साठतो, वारकऱ्यांच्या ६५ एकरातल्या तळावर टँकर कुठून शिरतो, हे तिथल्या मुकादमाला पाठ असतं. बंदोबस्ताला बाहेरगावाहून आलेले अधिकारी पहिल्या दिवशी त्याच मुकादमाला शोधत असतात.

आता तुमच्या चिरंजीवांच्या मनातला खरा प्रश्न. नगरपालिकेनं चुकीचा, आपल्या माणसाच्या सोयीचा ठराव केला तर? करतात. मी असे ठराव इतिवृत्तात लिहिलेत. त्यासाठीच १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमात कलम ३०८ आहे. जिल्हाधिकारी ठरावाला स्थगिती देऊ शकतात. आमच्याकडं विरोधक ‘तीनशे आठ टाकतो’ म्हणून दमच द्यायचे. म्हणजे कलेक्टर आहेतच, फक्त ते चूक अडवायला असावेत. रोज सकाळी नळ सोडायला नसावेत. मुख्याधिकारीही सरकारनंच नेमलेला असतो, तिजोरीची किल्ली नगराध्यक्षांच्या एकट्याच्या खिशात नसते.

एका बाबतीत मात्र मी फार उत्साहानं सांगणार नाही. पैसा. मी जकात नाक्यावर लागलो तेव्हा गावात येणाऱ्या प्रत्येक ट्रकमागं गावाच्या तिजोरीत पैसे पडायचे. नाक्यावर भानगडीही चालायच्या, त्यावर वेगळं सदर लिहिता येईल. १९९९ साली नगरपालिकांची जकात गेली, त्याऐवजी सरकारकडून अनुदान सुरू झालं. तेव्हापासून पगाराच्या तारखेला आम्ही मुंबईकडं तोंड करून बसायला शिकलो. निर्णय गावात आणि पाकीट दुसऱ्याच्या हातात, अशी ही अर्धी स्वायत्तता आहे. गावाकडं स्वतःची म्हणावी अशी उरली ती घरपट्टी आणि पाणीपट्टी, आणि ती भरायला आपण लोक कसे कुरकुरतो ते मला विचारा.

तेव्हा खुशाल करमाळ्याला जा. जाण्याआधी एक करा : घर अजून वडिलांच्या नावावर असेल तर वारसाची नोंद लावून घ्या आणि घरपट्टीची थकबाकी किती आहे ते बघा. त्यावर दरमहा दोन टक्के शास्ती चढते. बंद घरांचं बिल दाराच्या फटीतून आत सरकवलेलं असतं आणि मालक सोलापुरात म्हणतो, मला बिलच मिळालं नाही.

प्रश्न : आमच्या गावची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत होणार असं ऐकतो. गावात दोन तट पडलेत. एक म्हणतो निधीचा पाऊस पडेल, दुसरा म्हणतो घरपट्टीनं कंबरडं मोडेल. आम्ही कुणाचं ऐकावं?
— एक शेतकरी, माळशिरस तालुका

उत्तर : दोघांचंही अर्धंच. तुमच्याच तालुक्यात नातेपुत्याला जाऊन चार दिवस फिरलात तर माझ्या उत्तराची गरज उरणार नाही. पण लिहितो.

मिळतं काय? गावाला पूर्णवेळ मुख्याधिकारी मिळतो. बांधकाम परवान्यासाठी खेटे कमी होतात. गावाचा विकास आराखडा होतो; रस्ता कुठून जाणार आणि बाजार कुठं बसणार, हे एकदाचं नकाशावर येतं. नगरोत्थानसारख्या शहरी योजनांचं दार उघडतं. ‘पाऊस’ म्हणण्याइतकं नाही, पण उघडतं. घरपट्टीही वाढते, हे लपवण्यात अर्थ नाही. मात्र ती रातोरात कुणाच्या मर्जीनं वाढत नाही. चतुर्वार्षिक आकारणी होते, नोटीस येते, हरकत घ्यायला मुदत असते, सुनावणी होते. माझ्या अनुभवात शंभरातले पाचही लोक हरकत घ्यायला येत नाहीत, आणि बिल हातात पडलं की शंभरच्या शंभर शिव्या द्यायला येतात. नोटीस आली त्या दिवशी घराची मापं स्वतः टेपनं मोजा. आमच्या मोजणीवाल्यांनी जनावरांचा गोठा ‘खोली’ म्हणून लावलेला मी डोळ्यांनी पाहिलाय.

आता जातं काय, कारण ते कुठलाच तट तुम्हाला सांगणार नाही. ग्रामसभा जाते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, या दिवसांना चावडीसमोर उभं राहून सरपंचाला ‘त्या बोअरचं काय झालं?’ असं विचारायचा हक्क जातो. नगरपंचायतीची सभा ही निवडून आलेल्यांची. तुम्ही बसून ऐकायचं, बोलायचं नाही. जिल्हा परिषदेचं आणि पंचायत समितीचं मतदानही जातं. मला या ग्रामसभेची हळहळ वाटते. गोंधळ असायचा, खुर्च्या उडायच्या, कोरम नसायचा म्हणून सभा तहकूब व्हायची, सगळं कबूल. तरी तिथं बोलणाऱ्याचं नाव इतिवृत्तात लिहिलं जायचं. एका म्हाताऱ्यानं सलग तीन सभांत एकच प्रश्न विचारल्याचं एका जुन्या वहीत मी वाचलं होतं, तिसऱ्या वेळी उत्तरही लिहिलेलं होतं.

म्हणून सुचवतो : नगरपंचायत झालीच तर पहिल्या निवडणुकीत उमेदवाराकडून रस्त्याचं वचन घेऊ नका, रस्ते होतात. दर तीन महिन्यांनी मारुतीच्या पारावर प्रभागाची बैठक घेईन, एवढं कबूल करून घ्या. कायद्याचं काय ते असो. पण दीड हजार माणसांचा सदस्य पारावर यायचा टाळून टाळून कुठं जाईल?

प्रश्न : स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. ‘स्थानिक स्वराज्य संस्था’ या नावात ‘स्वराज्य’ का? नळ-गटारीच्या कामाला एवढा मोठा शब्द कशाला?
— एक विद्यार्थिनी, भवानी पेठ, सोलापूर

उत्तर : परीक्षेपुरतं उत्तर तुला पुस्तकात मिळेल : १८ मे १८८२ चा व्हाइसरॉय रिपनचा ठराव, ७४ वी घटनादुरुस्ती, ती १ जून १९९३ पासून लागू, बारावी अनुसूची, १८ विषय. पाठ कर.

पण तू सोलापूरची आहेस म्हणून वेगळं सांगतो. आपली नगरपालिका १८५२ ची, म्हणजे रिपनच्या तीस वर्षं आधीची. महापालिका झाली ती १ मे १९६४ ला. आणि ६ एप्रिल १९३० ला, गांधीजींनी दांडीला मिठाचा कायदा मोडला त्याच दिवशी, सोलापूर नगरपालिकेनं आपल्या इमारतीवर तिरंगा चढवला. असा झेंडा लावणारी देशातली पहिली नगरपालिका म्हणून सोलापूरकर तिचं नाव घेतात. पुढच्याच महिन्यात शहरात मार्शल लॉ पुकारला गेला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. चार हुतात्मा चौकातून तू क्लासला जात असशील तर रोज त्यांच्या समोरून जातेस.

झेंडा लावला तो कुठल्या मोठ्या सरकारी कचेरीनं नव्हे. दिवाबत्ती आणि झाडलोट बघणाऱ्या संस्थेनं लावला. कारण त्या काळात आपली म्हणावी अशी, आपण निवडून दिलेली माणसं जिथं बसतात अशी इमारत बहुधा तेवढीच होती. शब्द मोठा वाटतो तो म्हणून.

मुलाखतीत विचारलंच तर अजून एक सांग. मी नोकरीला लागलो तेव्हा ही ७४ वी घटनादुरुस्ती नव्हती. सरकारला वाटलं की नगरपालिका बरखास्त, मग निवडणूक कधी ते देव जाणे. दुरुस्तीनं पाच वर्षांची मुदत पक्की केली. बरखास्त केलीच तर सहा महिन्यांत निवडणूक घ्यायची असं लिहिलं. तरी आमच्याकडं चार वर्षं झाली नाहीच. पॅनेलसमोर हे जरा जपून बोल.

प्रश्न : मुलीची पहिली खेप होती म्हणून ती माहेरी आली, बाळंतपण मंगळवेढ्यात झालं. जावई म्हणतात दाखला पुण्यातच काढू. चालेल का?
— एक आजी, मंगळवेढा

उत्तर : नाही चालणार, आजी. जन्म जिथं झाला तिथंच नोंद. २१ दिवसांच्या आत झाली तर काही कटकट नाही. दवाखान्यात झालं असेल तर दवाखान्याकडून कळवलं जातं, तरी एकदा खात्री करा. वर्ष उलटलं तर महसूल खात्यातल्या दंडाधिकाऱ्यांच्या आदेशापर्यंत जावं लागतं. बाळाचं नाव ठरलं नसेल तरी नोंद करा, नाव मागून घालता येतं. आईचं आणि वडिलांचं नाव मात्र आधार कार्डावर आहे तसंच्या तसं लिहून द्या. जन्म-मृत्यूच्या टेबलावर मी चार वर्षं होतो. लग्नानंतरचं नाव एका कागदावर आणि माहेरचं दुसऱ्या, यातून किती माणसं पुढं पासपोर्टच्या रांगेतून परत आली त्याला हिशेब नाही.

दाखला मंगळवेढ्याचाच निघेल आणि पुण्यात तो चालेल. जावयांना सांगा, नातू मंगळवेढ्याचा आहे हे कागदावर येऊ द्या की.

प्रश्न : आमच्या घरासमोरची गटार सहा महिने तुंबते आहे. नगरसेवक माझ्या यजमानांचे मावसभाऊ. भाऊजींविरुद्ध लेखी तक्रार कशी करायची? तोंडी सांगितलं की ‘करतो वहिनी’ म्हणतात.
— एक गृहिणी, बार्शी

उत्तर : लहान गावाचा फायदा वर मी एवढा गायला, ही त्याचीच दुसरी बाजू. ओळख आहे म्हणून सांगता येतं, आणि ओळख आहे म्हणून रागावता येत नाही.

पण ताई, तुम्ही लेखी देताय ते भाऊजींविरुद्ध नाही. अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे करायचा, खाली ‘प्रत माहितीसाठी : सदस्य, प्रभाग क्रमांक अमुक’ असं लिहायचं. विषय एका ओळीत, जागा खुणेसह, सहा महिन्यांपासून असं स्पष्ट. शेजारच्या चार घरांच्या सह्या घ्या. एकटीचा अर्ज म्हणजे वहिनीचं गाऱ्हाणं, पाच सह्यांचा अर्ज म्हणजे प्रभागाचा प्रश्न. आवक-जावकला द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, नंबर घेतल्याशिवाय तिथून हलू नका. ‘नंतर या’ म्हटलं तर तिथंच बाकावर बसा. महिनाभरात हालचाल नाही झाली तर दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीच्या अधिकारात एवढंच विचारा, ‘माझ्या अमुक नंबरच्या अर्जावर कोणती कार्यवाही झाली?’ तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पुष्कळदा उत्तराआधी गटारच साफ होते.

आणि भाऊजींची धास्ती घेऊ नका. आतली गोष्ट सांगतो : सदस्यांना असा कागद हवाच असतो. तोंडी सांगण्यावर त्यांना बांधकाम विभागात कुणी विचारत नाही. हातात पाच सह्यांचा अर्ज असला की त्यांना टेबलावर आपटायला काहीतरी मिळतं. माझ्या टेबलावर असे पुष्कळ आपटलेत, एकदा चहाचा कपही सांडला होता.

प्रश्न : महिला राखीव जागेवरून नगरपंचायतीत निवडून आले. सभेला यजमानच जातात, मी सही करते. मला बोलता येत नाही.
— एक सदस्या (गाव छापू नये)

उत्तर : बोलता येत नाही असं तुम्ही म्हणता, पण हे पत्र तुम्हीच लिहिलंय ना?

अशा एक सदस्या मला ठाऊक आहेत. पहिले सहा महिने त्याही फक्त सही करायच्या. राज्यात निम्म्या जागा महिलांच्या, पण सभागृहात मागच्या रांगेत त्यांचे पतिराज बसलेले, असंच चित्र होतं. मग एका सभेला यजमानांना लग्नाला जावं लागलं, बाई एकट्या आल्या. घंटागाडीच्या ठेक्याचं बिल मंजुरीला होतं. त्यांनी विचारलं, ‘गाडी आमच्या वस्तीत अकराला का येते?’ कुणाला कळेना यात काय विशेष. त्या म्हणाल्या, ‘आमच्यातल्या बायका आठला खुरपायला जातात. अकराला घरात कोण असतंय? कचरा मग गटारीतच पडतो.’ आरोग्य विभाग गटारी तुंबण्याचं कारण दोन वर्षं शोधत होता. पुढच्या आठवड्यापासून गाडी साडेसहाला यायला लागली.

तुम्ही इतकंच करा. सभेची विषयपत्रिका घरी येते ती यजमानांच्या आधी तुम्ही उघडा. मागच्या वर्षीची इतिवृत्तं मागून घ्या, सदस्य म्हणून मिळतात. एका सभेला एकच प्रश्न ठरवून जा आणि तो चिठ्ठीवर लिहून न्या. सभेला मात्र स्वतःच जा. न वाचता इतिवृत्तावर सही करू नका. उद्या लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तर वसुलीची नोटीस सहीवाल्याच्या नावानं येते, यजमानांच्या नाही. हे वाक्य घरात मोठ्यानं वाचून दाखवायला माझी हरकत नाही.

पुढच्या अंकासाठी पाण्याच्या मीटरबद्दलची पत्रं बाजूला काढून ठेवली आहेत. ज्यांनी आकारणीच्या नोटिशीचे फोटो पाठवलेत त्यांनी कृपा करून मागची बाजूही पाठवा, हरकतीची तारीख तिथं छापलेली असते.